चार लाख अकरा हजार तीस

राखीपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी भाची कोथरूडहून माझ्याकडे सदाशिव पेठेत आली होती. साताऱ्याच्या मामाला राखी पाठवायची होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख, म्हणून पाकिटावर पत्ता लिहायचं काम तिच्याकडे दिलं. मामाचा पत्ता झाला, खाली कोपऱ्यात 'प्रेषक' म्हणून माझा झाला, पिनकोडचे सहा अंकही झाले. मग पेन तसंच हातात धरून तिनं विचारलं, "मावशी, ही मूळ संख्या आहे का गं?"

"कुठली?"

"ही. चार लाख अकरा हजार तीस."

मी जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं मी मुलांना गणित शिकवते, आणि इतकीच वर्षं हा पिनकोड लिहिते. पण तो मी कायम 'चार-एक-एक, शून्य-तीन-शून्य' असाच वाचत आले. सहा अंक ओळीनं मांडलेले, बस्स. ही मुलगी मात्र त्याच्याकडे संख्या म्हणून बघत होती. अंक वेगळे आणि संख्या वेगळी, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. त्या दिवशी ते मलाच नव्यानं दिसलं, म्हणून हे लिहितेय.

पिनकोडला संख्या म्हणून काहीच अर्थ नाही, हे आधी सांगून टाकते. १५ ऑगस्ट १९७२ पासून ही पद्धत आपल्याकडे सुरू झाली. ती आणली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी; टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले मोठे कवी. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग, पहिले तीन मिळून ४११ म्हणजे पुणे, आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. म्हणजे ही अंकांची ओळ पत्ता सांगण्यासाठी केलेली. तिची बेरीज किंवा भागाकार करावा असं कुणाच्या मनातही नसणार. पण एकदा अंक मांडले की त्यांची संख्या होतेच, आणि संख्येला स्वतःचा स्वभाव असतो. तो आपण ठरवत नाही, शोधून काढतो.

तर प्रश्न होता मूळ संख्येचा. जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानंच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. ४,११,०३० च्या शेवटी शून्य आहे, म्हणजे २ नं आणि ५ नं भाग जातो. मूळ नाही, संयुक्त आहे. "हो, ते कळलं मला, पण मग पुढे काय निघतं?" असं म्हणत ती पाठकोरे कागद घेऊन बसली. दहानं भागून आले ४१,१०३. आता अंकांची बेरीज: ४+१+१+०+३ = ९. म्हणजे ९ नं भाग जाणार.

ही कसोटी शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. ती का चालते हे फार कमी जणांना सांगितलं जातं. १० म्हणजे ९+१, १०० म्हणजे ९९+१, १००० म्हणजे ९९९+१. दहा, शंभर, हजार अशा कुठल्याही स्थानातून नवांचा गठ्ठा बाजूला काढला की मागे १ उरतो. म्हणून चाळीस हजारातल्या ४ चे मागे ४ उरतात, एक हजाराचा १, शंभराचा १, आणि तीनाचे ३. उरलेल्यांची बेरीज ९ आली, म्हणजे तीही नवांत जमा. आपण दहा दहाचे गट करून मोजतो आणि १० ला ९ नं भागलं की बाकी १ उरते, एवढंच या कसोटीचं रहस्य आहे.

४१,१०३ ला ९ नं भागलं आणि आलं ४५६७.

"मावशी! चार, पाच, सहा, सात!"

खरं सांगते, मलाही तेवढाच आनंद झाला. ओळीनं चढत जाणारे चार अंक. आता याचे तुकडे पडतात का? इथे एक मोठी सवलत आहे, आणि ती नीट समजून घेतली तर निम्मे कष्ट वाचतात. एखाद्या संख्येचे दोन तुकडे पडत असतील, तर त्यातला लहान तुकडा तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. दोन्ही मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. ६७ चा वर्ग ४४८९, त्यानंतरची मूळ संख्या ७१, तिचा वर्ग ५०४१. म्हणजे ६७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्या १९ आहेत. २, ३, ५ बघताक्षणी बाद. उरल्या सोळा.

सोळा भागाकार तिनं हातानं केले. सात सक बेचाळीस… म्हणत ७ × ६५२ = ४५६४, बाकी ३. ११ × ४१५ = ४५६५, बाकी २. १३ × ३५१ = ४५६३, बाकी ४. सुरुवातीच्या या तिन्ही संख्या इतक्या थोडक्यात हुकल्या की पुढची कुठलीतरी नक्की लागणार असं वाटत राहिलं. ६१ ला बाकी ५३. शेवटची ६७: ६७ × ६८ = ४५५६, बाकी ११. संपलं. ४५६७ ही मूळ संख्या आहे.

४,११,०३० = २ × ३ × ३ × ५ × ४५६७

हे तुकडे कुठल्याही क्रमानं, कुठूनही सुरुवात करून पाडले तरी हेच पडणार, दुसरे नाहीत. ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की तिचं महत्त्व जाणवत नाही. पण संख्येबद्दलचे बहुतेक प्रश्न याच ओळीपाशी येऊन सुटतात.

उदाहरणार्थ, या संख्येचे विभाजक किती? एकेक शोधत बसायला नको. विभाजक म्हणजे याच तुकड्यांतून केलेली निवड. २ घ्या किंवा सोडा, दोन पर्याय. ३ एकही नको, एक हवा, दोन हवेत, तीन पर्याय. ५ चे दोन, ४५६७ चे दोन. २ × ३ × २ × २ = २४ विभाजक. त्यातले बारा म्हणजे ९० चे विभाजक: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०. उरलेले बारा म्हणजे याच बारांची ४५६७ पट. त्यामुळे ९० नंतरचा विभाजक थेट ४५६७. मध्ये चार हजारांहून जास्त संख्या, आणि त्यातल्या एकीनंही भाग जात नाही. एवढ्या फरशा घेऊन तुम्ही आयताकृती चौक घालायला निघालात, तर त्यातल्या त्यात आटोपशीर आयत ९० × ४५६७ चा. लांबच लांब बोळच तो.

सगळ्या विभाजकांची बेरीजही अशीच एका ओळीत निघते: (१+२) × (१+३+९) × (१+५) × (१+४५६७) = १०,६८,९१२. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ६,५७,८८२ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा जास्त. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. पण यात फार नवल नाही. ६ च्या पुढच्या ६ च्या सगळ्याच पटी विपुल असतात.

मला जास्त ओढ होती ती फरशांच्या दुसऱ्या कोड्याची. आयत नको, दोन चौरस चौक घालायचे. सगळ्या फरशा संपल्या पाहिजेत. ४,११,०३० ही दोन वर्गांची बेरीज आहे का?

पुन्हा एक सोपी चाळणी लावून बघू. कुठल्याही पूर्ण वर्गाला ८ नं भागा. बाकी ०, १ किंवा ४ एवढीच येते. करून बघा: ९ ची १, १६ ची ०, २५ ची १, ३६ ची ४, ४९ ची १. दुसरी बाकी येतच नाही. मग दोन वर्गांच्या बेरजेची बाकी काय येऊ शकते? ०, १, २, ४ किंवा ५. ३ नाही, ६ नाही, ७ नाही. आता आपली संख्या. हजाराला ८ नं भाग जातो, म्हणून शेवटचे तीन अंक बघितले की झालं: ०३०. तीसला आठनं भागलं, बाकी ६.

जमणार नाही. कितीही वेळ शोधा, असे दोन वर्ग सापडणार नाहीत. लाखांतल्या संख्येबद्दल 'कधीच नाही' असं अर्ध्या मिनिटात, पूर्ण खात्रीनं म्हणता येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पण का जमत नाही? चाळणीनं फक्त पकडलं. मूळ कारण तुकड्यांत आहे. ९० एकटी असती तर ९² + ३² असे दोन वर्ग सहज मिळाले असते. अडवते ती ४५६७. तिला ४ नं भागलं की बाकी ३ उरते, आणि अशा मूळ संख्यांचा एक हट्ट असतो: दोन वर्गांच्या बेरजेला त्यांनी भाग गेला, तर त्या दोन्ही वर्गांना स्वतंत्रपणे भागतात, आणि मग बेरजेला दोनदा भाग जावा लागतो. ३ ही त्याच जातीची, पण ती आपल्याकडे जोडीनं आली आहे, म्हणून तिची हरकत नाही. ४५६७ एकटीच आहे.

याउलट, ज्या मूळ संख्येला ४ नं भागून बाकी १ उरते ती दोन वर्गांची बेरीज असतेच, आणि एकाच प्रकारे. फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं हे २५ डिसेंबर १६४० च्या पत्रात मर्सेन या विद्वानाला कळवलं, सिद्धता मात्र दिली नाही. ती पुढे अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं दिली.

हे सांगितल्यावर भाचीला अर्थातच अशी एखादी संख्या हवी झाली, आणि तीही पुण्यातलीच. आम्ही कॅम्पातला ४११००१ घेतला. याच्या शेवटी १, अंकांची बेरीज ७, वरवर काही सापडत नाही. ६४१ चा वर्ग ४,१०,८८१, आणि ६४२ चा ४,१२,१६४, म्हणजे ६४१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. त्या ११६ आहेत. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी वाटून घेऊन बसलो. तिच्याकडे दोनशेपर्यंतच्या, माझ्याकडे उरलेल्या. ८९ नं तिला फसवलंच होतं: ८९ × ४६१८ = ४,११,००२, फक्त एकानं हुकली. १३७ ला बाकी १ उरली, ती का हे लगेच दिसतं, कारण ४११ म्हणजे ३ × १३७. शेवटच्या ६४१ ला बाकी १२० आली तेव्हा चहाची वेळ झाली होती. ४,११,००१ मूळ आहे.

आणि ४ नं भागून बाकी १. म्हणजे दोन वर्ग असलेच पाहिजेत. कुठले? शेवटचा अंक १ आहे, म्हणून त्या दोन संख्यांपैकी एकीला ५ नं भाग जायलाच हवा, नाहीतर बेरीज जुळत नाही. तसंच ८ च्या बाकीवरून सम संख्या ४ च्या पटीत हवी हेही निघतं. सम संख्या ५ च्या पटीत आहे असं धरून आम्ही २०, ४०, ६० अशा वीसच्या पटी घेऊन चाललो. वर्ग वजा करायचा, उरलेल्याचं वर्गमूळ बघायचं. २६० ला अगदी जवळ गेलो: ३,४३,४०१ उरले, आणि ५८६ चा वर्ग ३,४३,३९६. पाचांनी चुकलं. मग ४०० घेतले. ४,११,००१ वजा १,६०,००० म्हणजे २,५१,००१. भाचीनं कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा तर ५०१ चा वर्ग आहे."

४,११,००१ = ५०१² + ४००². कॅम्पाच्या पिनकोडाएवढ्या फरशा असतील तर एक चौक ५०१ चा आणि एक ४०० चा, एकही फरशी उरत नाही. आणि दुसऱ्या कुठल्याही मापाचे दोन चौक पडणार नाहीत.

सदाशिव पेठेच्या फरशांना तीन चौक लागतात. ६४१ चा वर्ग वजा केला की १४९ उरतात, आणि १४९ म्हणजे १०० + ४९. ४,११,०३० = ६४१² + १०² + ७². या ६४१ शी गणितवाल्यांची जुनी ओळख आहे. फर्माला ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे असं वाटत होतं. १७३२ साली ऑयलरनं दाखवलं की तिला ६४१ नं भाग जातो.

आता ४-५-६-७ च्या आनंदाकडे परत येते, कारण तिथे एक गोष्ट मला भाचीला सांगावी लागली. ४५६७ संगणकासारखी फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर ती १०००१११०१०१११ अशी दिसते. चढती ओळ गायब. ती आपल्या दहांच्या लिखाणात होती, संख्येत नव्हती. पण ती मूळ आहे हे या लिखाणातही तसंच राहतं. आणि ४ नं भागून उरणारी बाकी ३, जी दहांच्या लिखाणात लपलेली होती, ती इथे शेवटच्या दोन अंकांत उघडी दिसते: ११, म्हणजे दोन अधिक एक. लिपी बदलली की काही गुण पुसले जातात, काही टिकतात. टिकतात ते संख्येचे, पुसले जातात ते अंकांचे.

अंकांच्या गुणांना मी कमी लेखत नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे त्यांचा सर्वांत मोठा प्रेमी होऊन गेला: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, फर्ग्युसनचे विद्यार्थी आणि नंतर आयुष्यभर देवळालीचे शाळामास्तर. त्यांची ६१७४ जगभर माहीत आहे. चार अंक घ्या (सगळे सारखे नकोत), उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, पुन्हा तेच करा, शेवटी ६१७४ येते. सहा अंकांना हेच केलं तर एकच मुक्काम नसतो. ४३११०० वजा ००११३४ म्हणजे ४,२९,९६६, मग ७,४९,९४३, मग ६,५२,६४४, मग ४,२०,८७६, आणि इथून पुढे सात संख्यांचं रिंगण सुरू होतं: ८,५१,७४२, ७,५०,८४३, ८,४०,८५२, ८,६०,८३२, ८,६२,६३२, ६,४२,६५४ आणि परत ४,२०,८७६. सदाशिव पेठ या रिंगणातून कधीच बाहेर पडत नाही.

कापरेकरांचा दुसरा खेळ मला जास्त आवडतो. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. खडकीचा ४११००३ घ्या; अंकांची बेरीज ९, मिळवा, ४११०१२ येते. हा दापोडीचा. त्यात ९ मिळवा, ४११०२१, बावधन. आणखी ९, ४११०३०, आमची पेठ. पुन्हा ९, ४११०३९, भोसरी. आता अंकांची बेरीज १८ झाली. मिळवा, ४११०५७, वाकड-हिंजवडी. ज्या संख्येपर्यंत असं कुठूनच पोचता येत नाही, तिला कापरेकर स्वयंभू म्हणत. आमची पेठ स्वयंभू नाही, ती बावधनहून येते.

चहा घेताना तिनं विचारलं, की मग खूप मोठी संख्या असेल तर? सहा अंकांना एक दुपार लागली. शंभर अंक असते तर असं एकेकीनं भागत जाणं पृथ्वीवरच्या सगळ्या संगणकांनाही झेपणार नाही. 'मूळ आहे का' हा प्रश्न आणि 'तुकडे कुठले' हा प्रश्न तिथे एकमेकांपासून फार दूर जातात. पहिल्याला झटपट उत्तर मिळतं; तो नेहमीच वाजवी वेळात सुटतो हे २००२ साली कानपूरच्या आयआयटीतल्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं, आणि तुकडे न पाडता. दुसऱ्यासाठी तशी वाट अजून सापडलेली नाही. १९७७ सालच्या आरएसए या गुप्तलेखन पद्धतीची भिस्त याच अवघडपणावर आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड सांगायचा, त्या दोघी मात्र लपवायच्या. आज त्यासाठी सहाशेहून जास्त अंकांची संख्या घेतात. आव्हान म्हणून जाहीर केलेली २५० अंकांची एक संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तीही कितीतरी संगणक कामाला लावून.

हे ऐकताना तिचं लक्ष अर्धंच होतं. कागदाच्या कोपऱ्यात तिनं स्वतःच्या घरचा पिनकोड लिहिला होता, कोथरूडचा ४११०३८. शेवटचे तीन अंक झाकून धरले, मग फक्त तेच उघडे ठेवले. अडतीस, आठ चोक बत्तीस, उरले सहा.

"आमचाही दोन वर्गांत नाही बसत."

"मग तीन बघ."

तिनं वरच्या ओळीतली ६४१ उचलली, ४,१०,८८१ वजा केले, १५७ उरले. थोडा वेळ पेन चावलं. मग लिहिलं: १२१ + ३६. ६४१² + ११² + ६². पाकीट तोवर टेबलावर तसंच पडलं होतं, राखी आत, तोंड उघडं. डिंक लावून ते बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकायला म्हणून दाराशी ठेवलं.